फोनवरच्या आवाजाबाबत व इतर मिळकतीबाबत

मी, खाली सही करणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेला देशादेशांनी मिळून कोणते नियम घालावेत याच्या अभ्यासात उभी हयात घालवलेली, अविवाहित, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती आहे, पण भ्यालेल्या माणसाचेही मृत्युपत्र चालते, असे वकीलबाईंनी सांगितले आहे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला द्यावे. मागचे दार उचलून ओढल्याशिवाय लागत नाही, हे तिला माहीत आहे.

२. बँकेतील ठेवी भाचीच्या शिक्षणासाठी. तिने माझा विषय घेऊ नये अशी अट घालणार होते. बहीण म्हणाली, "अट घातलीस तर मुद्दाम तोच घेईल." म्हणून घातलेली नाही.

३. पुस्तके मी नोकरी करते त्या संस्थेच्या वाचनालयाला. संचालकांना मात्र काहीही देऊ नये. यंत्र आवरेनासे झाले तर दुसऱ्या देशाला कळवणे 'बंधनकारक' राहील, हे वाक्य आम्ही भांडून भांडून दोन देशांच्या करारात आणले होते. यांनी चहाच्या सुट्टीत त्याचे 'अपेक्षित' करून टाकले. वर म्हणाले, "अहो, एका शब्दाने काय बिघडतंय?"

४. काय बिघडते ते लिहिते. पलीकडच्या देशाचा अभ्यासक, आमच्या दुभाषीबाईंकडून आमची भाषा शिकलेला, मला ताई म्हणतो. काही बिनसले तर एकमेकांना फोन करायचा, असे आम्ही दोघांनी आपसात ठरवले. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, आमच्याकडचं यंत्र बंद केलं. बंद झालो म्हणून त्यानं कळवलं. झालं नव्हतं." तेवढ्यात फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तोच आवाज, तसाच खोकला. "काल माझा गैरसमज झाला, मॅडम. सगळं ठीक आहे."

मी विचारले, "मुलगी कशी आहे?"

"छान आहे."

त्याला मूलबाळ नाही. जवळ कोणी उभे होते म्हणून तो तसे बोलला, की तो बोलतच नव्हता, मला कळलेले नाही.

संचालक म्हणाले, "तुम्ही दमला आहात. सुट्टी घ्या." घेतली. उद्या पलीकडच्या देशात, त्या अभ्यासकाच्या घरी जाते आहे. बहीण म्हणते, "अगं, आधी फोन तरी कर." फोनचाच तर भरवसा उरलेला नाही.

५. हे कलम बहिणीसाठी. मी तिथून फोन करणार नाही. तरीही माझ्या आवाजात फोन येईल. पोचले, मजेत आहे, काळजी करू नकोस, असे तो आवाज म्हणेल. त्याला काही सांगू नकोस. त्याच दिवशी कलम चार जसेच्या तसे सगळ्या वर्तमानपत्रांना दे. तो आवाज रडू लागला तरी थांबू नकोस. मला तुझ्यासमोर कधी रडता आलेले नाही, हे तुला ठाऊक आहे.

वरील मजकुराची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

(सही)

सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. सही तिचीच आहे.

साक्षीदार: समोरच्या घरातले शिंपीकाका (सही)
साक्षीदार: संस्थेतील दुभाषीबाई (सही)

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी