मामांनी सूर्य उगवू दिला नाही

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (गुडघा अजून दुखतो, म्हणून मनातल्या मनात).

तुमची तब्येत कशी आहे? मामी म्हणते, ठणठणीत आहे, फक्त कुणाशी बोलत नाहीत. ते एकवेळ चालेल, पण सॅक्सोफोन कपाटात कोंडलात हे काही खरं नव्हे. शनिवारच्या कार्यक्रमात लोक तुम्हाला हसले, असं तुम्ही मनाशी धरून बसलात. अहो मामा, तुम्ही डोळे मिटून वाजवता! डोक्यावर काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊकच नाही. म्हणून तारांगणाचा प्रोजेक्टर चालवणारा माणूस या नात्यानं (भाचा नंतर) सगळं सांगतो.

कल्पना माझीच. जॅझमधल्या निम्म्या चाली ताऱ्यांवर. कुणी ताऱ्याकडे मागणं मागतो, कुणी तारा निखळताना बघून रडतो, कुणी प्रेयसीलाच तारा करून टाकतो. आमच्या संचालिकाबाई त्याच ताऱ्यांची अंतरं मोजतात आणि अजिबात रडत नाहीत. म्हटलं, दोघांना एका घुमटाखाली आणू. बाईंना पटवता पटवता माझ्या नाकीनऊ आले. आणि तुम्ही माइक हातात घेऊन, पहिली चाल आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यासाठी, म्हणजे ध्रुवताऱ्यासाठी, असं जाहीर केलंत! ध्रुव तेजाच्या बाबतीत अगदीच बेताचा हो मामा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीत निम्मा झालो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या यंत्रात रात्र किती लांब ठेवायची ते आधी ठरवावं लागतं. तालमीत तुमची शेवटची चाल जेवढी चालली तेवढीच रात्र मी ठेवली. चाल संपली की सूर्योदय. पण तालमीत वाजवलं तेवढंच वाजवायचं हा तुम्हा लोकांचा धर्मच नाही, हे मी (लहानपणापासून तुमच्या मांडीवर बसून ऐकूनही) विसरलो. पूर्वेला तांबडं फुटलं, आणि तुम्ही संपवायच्या ऐवजी नव्यानं सुरुवात केलीत. खालच्या सुरात, अगदी हळू, घरात कुणी आजारी झोपलंय म्हणून जपून बोलावं तसं. काय वाजवलंत हो! पियानोवाल्यांनी हात काढून घेतले आणि नुसते ऐकत बसले. अशा वेळी सूर्य वर आणायचा? माझी छाती झाली नाही. मी आकाश उलटं फिरवलं.

अर्धा वर आलेला सूर्य मुकाट्यानं परत खाली गेला. लोक हसले ते तेव्हा! सूर्याला हसले, मला हसले. मागोमाग तारे पश्चिमेला उगवून पूर्वेला बुडायला लागले (बाईंच्या जन्मभराच्या विद्येवर बोळा). मग हसणं आपोआप थांबलं. तुमचा शेवटचा सूर विरला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, कारण सगळे माना वर करून बसले होते आणि कुणालाच भानावर यायचं नव्हतं. कडकडाट झाला, तोवर तुम्ही अंधारातच वाद्य उचलून मागच्या दारानं पसार. दिवे लावून पाहतो तर टाळ्या घ्यायला ड्रमवाले उभे. त्यांनी त्या बिनदिक्कत घेतल्या.

नंतर बाईंनी मला खोलीत बोलावलं. माझी पाचावर धारण बसली. असं आकाश कुठं असतं का, यावर भरपूर ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, की मी सूर्य वर आणला असता तर मात्र त्यांनी मला कामावरून काढलं असतं. (बाई रडत नाहीत असं वर लिहिलंय, ते खोडलेलं समजा.)

मामा, तुमच्यासारखं वाजवणारा मी दुसरा ऐकलेला नाही. रुसायचं तर माझ्यावर रुसा, वाद्यावर नको. मामीला नमस्कार सांगा, म्हणजे तेवढं तरी बोलणं होईल.

तुमचाच,
भाचा

ता. क. पुढच्या शनिवारच्या कार्यक्रमातून बाईंनी सूर्योदयच काढून टाकलाय. तुमचं होईपर्यंत रात्र.

आणखी एक ता. क. तुम्ही सॅक्सोफोन विकायला काढल्याचं मामीनं कळवलं. परवा फोनवर घोगऱ्या आवाजात, शनिवारी संध्याकाळी वाद्य घेऊन या म्हणणारं ते गिऱ्हाईक, ज्याला तुम्ही चारदा साहेब म्हणालात, ते मीच. तुम्ही शब्द दिलाय, आता माघार नाही. आणि वाजवून दाखवल्याशिवाय मी वाद्य घेत नसतो. मी फार चिकित्सक आहे, एका कार्यक्रमात मला काही पटायचं नाही.