हिमानीची चौकशी

प्रिय केयूर,

फोनवर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून ताईचं हे पत्र. आधी हस, मग वाच.

इथं सगळे ठीक आहेत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण सकाळी कॅनॉटच्या बाजारापर्यंत चक्कर आणि तिथला चहा चुकत नाही. माझंही तेच चाललंय: आठवडाभर दवाखान्याचा संगणक विभाग, शनिवारी कॉलेजात ‘संगणन आणि नीतिशास्त्र’चा तास. गेल्या शनिवारी पोरांना एक उदाहरण दिलं. एका बाईच्या हाती दवाखान्यातल्या सगळ्या फाइली आहेत. भावाला स्थळ आलंय, म्हणून ती त्या मुलीची फाइल उघडते. इथं परिणाम बघायचा, कर्तव्य बघायचं, की माणसाचा स्वभाव? मला वाटलं, पोरं त्या बाईला सोलून काढतील. तर सिल्लोडचा सोमनाथ उठला, “मॅडम, भावाचं भलं झालं नव्हं? मग त्यात वाईट काय हाय? चौकशी तर समदेच करतात.” अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या. क्षणभर मला इतकं बरं वाटलं! मग आठवलं: बाबांना मी अगदी हेच म्हणाले होते.

हो, केयूर. हिमानीची फाइल मी उघडली. तिचा नकार आला असं आम्ही तुला सांगितलं, आणि पत्रिका जुळत नाही असं तिच्या घरी कळवलं. दोन्ही खोटं. बाबा सहज म्हणाले होते, “तुझ्याच दवाखान्यात जातात ती माणसं, बघ की जरा.” पूर्वी चौकशी म्हणजे शेजारी नाहीतर किराणावाला. निदान तो चार गोष्टी पोटात ठेवायचा. मी मात्र सगळं वाचलं आणि आमटी-भात वाढता वाढता आईबाबांना सांगितलं. भावासाठी बहीण एवढंही करणार नाही का, अशी वर शेखीही मिरवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! लाज वाटते रे, फार लाज वाटते. वर्गात उभं राहून पोरांना सांगता आलं नाही, पण सोमवारी दवाखान्याच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरी राहते की जाते, बघू.

काल हिमानीकडे गेले होते. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. तिनं फक्त विचारलं, “म्हणजे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, एकट्या केयूरला सोडून?” “हो,” मी म्हणाले. तेव्हा म्हणाली, “दुसऱ्या भेटीत मीच त्याला सांगणार होते, ताई.” ती भेट आम्ही होऊच दिली नाही.

ती तुला भेटेल का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तो हक्क मला नाही. पण रविवारी आई पुण्याला येतेय. तू अजून झुरतोयस, म्हणून तुझी समजूत घालायला ती फाइलमधलं सगळं सांगणार आहे. मी हातापाया पडले, ती ऐकत नाही. म्हणून तुला लिहिलं. आई बोलायला लागली की तू उठून बाहेर जा, राजा. तिनं हाका मारल्या तरी थांबू नकोस. जे हिमानीनं तुला सांगायचं होतं, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नकोस.

तुझीच, तुझ्यापुढे मान वर न होणारी,
मनस्विनीताई