चोरासाठीचं पाकीट

२ जुलै, मंगळवार

"चोरासाठी वेगळं पाकीट ठेव, म्हणजे तो तुला ब्लेड लावणार नाही." मी एकोणीस वर्षांची होते, लिमामध्ये पहिली नोकरी लागली होती, तेव्हा आई म्हणाली होती. आज अठ्ठावीस वर्षांनी ते पाकीट चोराला मिळालं एकदाचं.

सकाळची बस, उभं राहायलाही जागा नाही. खरे पैसे नेहमीसारखे स्कर्टच्या कमरेला आईने आतून शिवलेल्या खिशात. बॅग पोटावर. तिच्या पुढच्या कप्प्यात चोराचं तपकिरी पाकीट — थोडी नाणी, मुदत संपलेलं कार्ड, सान मार्तीन या संताचं चित्र. डाव्या बाजूला एक साठीची बाई उभी होती. राखी स्वेटर, हाताला संत्र्याच्या सालीचा वास. काहीतरी सांगत होती. माझा डावा कान लहानपणीच गेलेला, मला काही कळेना. शेवटी समोरचा माणूस म्हणाला, "अहो, त्या म्हणताहेत, बॅगेची चेन उघडी आहे. सांभाळा."

मी तिचे आभार मानले. चेन लावली. दवाखान्यात पोचल्यावर पाहिलं तर पाकीट नाही. म्हणजे मी आभार मानत होते तेव्हा ते तिच्या स्वेटरात होतं.

दिवसभर रुग्णांची नावं पुकारताना मधेच हसू येत होतं. आईला सांगावंसं वाटलं. मार्चमध्ये गेली ती, हे आज दोनदा विसरले.

३ जुलै, बुधवार

बाजारातून नवं पाकीट आणलं, लाल. त्यात काय भरावं ते सुचेना. जुनं आईच भरायची. दर नव्या वर्षाला मागून घ्यायची, काहीबाही बदलून परत द्यायची. मी डोकावले की हातावर चापट. "तुझं नाही ते. चोराचं आहे."

६ जुलै, शनिवार

नेलीदाकडे जेवायला गेले. ती बटाटे सोलत होती. तिला हसवायला म्हणून बसमधली गोष्ट सांगितली. धाकटी बहीण माझी, एरवी कशालाही हसते. आज तिचा हात थांबला.

"कुठलं पाकीट? तपकिरी?"

"तेच. का गं?"

"आणि त्यातली चिठ्ठी?"

मला चिठ्ठी माहीतच नव्हती. नेलीदाने सुरी खाली ठेवली, हात पुसले. आईने शपथ घातली होती म्हणे.

आई आयुष्यभर अंगठा लावत आली. सोळा वर्षांपूर्वी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, चर्चमधल्या वर्गात अक्षरं शिकली. त्यानंतर तिने फक्त सही केली, असंच मी धरून चालले होते. नेलीदा म्हणते, आईने जन्मात एक पत्र लिहिलं. ते चोराला.

"'चोरसाहेब' अशी सुरुवात केली. मी म्हटलं, आई, चोराला कुणी साहेब म्हणतं का? तर म्हणे, आपलं काम आहे ना त्याच्याकडे, मग म्हणायला काय जातं?"

पुढचं नेलीदाला पाठ होतं. प्रत्येक शब्द तिला विचारून लिहिला होता. "ही माझी मुलगी. हिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुम्ही काही म्हणालात आणि ती गप्प राहिली, तर रागावू नका. ती शिष्ट नाही. उजव्या बाजूला येऊन बोला. ब्लेड काढू नका."

"एवढंच?"

"शेवटी अजून एक ओळ होती. ती मात्र मला विचारली नाही. डाव्या हाताने झाकून लिहिली. बराच वेळ लागला तिला."

बटाटे तसेच राहिले. दोघींनी पावच खाल्ला.

७ जुलै, रविवार

सोळा वर्षं ती ओळ माझ्या पोटावर होती.

९ जुलै, मंगळवार

तीच बस, तीच वेळ. बॅग मुद्दाम उघडी ठेवली, लाल पाकीट अर्धं बाहेर. म्हटलं, हात येऊ दे, मनगट धरते आणि विचारते.

तिसऱ्या थांब्यापर्यंत चौघांनी सावध केलं. "मावशी, पाकीट पडेल." "ताई, बॅग बघा." शेवटी कंडक्टर गर्दी कापत आला. "काय हो, प्रदर्शन मांडलंय का? चोरालासुद्धा लाज वाटेल." स्वतः चेन लावून गेला. सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

१२ जुलै, शुक्रवार

चोरीचा माल विकतात त्या गल्लीत गेले. आयुष्यभर जिथे जायला घाबरले, तिथे. टेबलावर पाकिटांचा ढीग होता. एकेक उघडून हुंगत बसले. विकणारा समजुतीने बोलला. "ताई, पाकिटं येतात माझ्याकडे. कागद कोण ठेवतो? ते त्याच दिवशी गटारात जातात."

परत येताना झिमझिम धुकं. केस ओले झाले ते घरी आल्यावर कळलं.

१६ जुलै, मंगळवार

आजही ती नाही. आज पाच जणांनी सांभाळलं मला. एका म्हाताऱ्याने तर उतरेपर्यंत माझ्या बॅगेवर हात ठेवला होता. एवढी बदनाम आमची लिमा, आणि मला चोर मिळेना.

नेलीदा फोनवर म्हणाली, "सोड आता. आईने काय लिहिलं असणार? जपून घरी पाठवा, असंच काहीतरी." तसंच असेल. पण मग ते हाताने का झाकलं?

२३ जुलै, मंगळवार

ती आली. राखी स्वेटर, संत्र्याचा वास. माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. बॅग उघडी होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तिने हात घातला नाही. गर्दीतून वाट काढत, दोघांचे पाय तुडवत, माझ्या मागून फिरून उजव्या बाजूला आली. कानाशी वाकून सावकाश म्हणाली, "बाई, बॅग बंद करा." पुढच्या थांब्यावर उतरून गेली.

मी चेन लावली. बस चार थांबे पुढे गेली. मग कळलं.

२४ जुलै, बुधवार

ती सांगणार नाही. सांगणं म्हणजे कबूल करणं. तरी लाल पाकिटात चिठ्ठी घातली आहे. "चोरबाई" लिहिलं, खोडलं.

"मावशी, पाकीट ठेवा. पत्रही ठेवा, ते तुम्हालाच होतं. फक्त शेवटची ओळ तेवढी मला सांगा. उजव्या कानात."