‘आपण’ हा शब्द बदलू नये

मी, निहार दिलीप खांबेटे, वय बावीस, राहणार आर्नहेम, येत्या गुरुवारी हृदयाची झडप बदलायच्या ऑपरेशनला जातोय. डोकं ठिकाणावर आहे, आईला शंका असली तरी. कुणी लिहायला भाग पाडलेलं नाही. इथे घर-पैशांसाठी नोटरी लागतो, वस्तूंपुरता हाताने लिहिलेला कागद चालतो. माझ्याकडे वस्तूच आहेत.

१. सायकल धाकट्या संहिताला. मागचा ब्रेक लागत नाही. तिला तसंही थांबायचं नसतं.

२. इंजिनिअरिंगची पुस्तकं बाबांना. कॉलेज मी मृण्मयीपायी सोडलं नाही, हे शेवटचं सांगतो. झेनॉन व्हिलचुर आजोबांच्या दारात किराणा पोचवायला गेलो आणि तिथेच रमलो. हे पोलिश तत्त्वज्ञ सतराव्या वर्षी युद्धात पकडले गेले, चौदा महिने तुरुंगात राहून जगले-वाचले. या जुलैत गेले. इकडे आल्यावर त्यांनी डचमध्ये लिहिलेली तुरुंगाची वही मी मराठीत आणली.

३. ती वही आणि माझं भाषांतर मृण्मयीला. पाच महिने बोलत नाही, तरी तिलाच. भांडण एका वाक्यावरून: ‘त्या हिवाळ्यात आजाऱ्यांचा पाव आपण चोरला.’

ती म्हणाली, “‘आम्ही’ लिही. मी नाही चोरला, मला कशाला ओढतोस?”

आजोबांना विचारलं. डच काय, पोलिश काय, दोन्हींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ एकच. फरक समजावला तेव्हा खूप हसले. “ऐंशी वर्षं हे ठरवायची वेळ आली नाही रे! वाचणाऱ्यालाही कोठडीत घे. बाहेर उभा राहून तो मला माफ करतो, ते नको.”

हे तिला सांगितलं, तर म्हणे, “तू आणि तुझा म्हातारा!” मी भडकलो, नको ते बोललो. ते सगळं मागे घेतो. ‘आपण’ मागे घेत नाही.

४. छापताना तो शब्द तसाच राहील. मी उठलो नाही तरी. माझ्यामागे गुपचूप बदलायचा तर अजिबात नाही.

५. माझं तिच्यावर प्रेम आहे. ही मालमत्ता नव्हे, तरी नोंद असावी.

निहार दि. खांबेटे
आर्नहेम, १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: राजन, मृण्मयीचा थोरला भाऊ. सही माझ्यासमोर झाली. दुसऱ्या सहीसाठी कागद घरी नेतोय.

साक्षीदार २: ज्याला मिळणार त्याने साक्ष द्यायची नसते, एवढंही माहीत नाही? म्हणून ही साक्ष नाही, हरकत आहे. कलम चार अमान्य. गुरुवारी सकाळी येतेय, भूल द्यायच्या आधी भांडू. कलम पाचचं तू शुद्धीवर आल्यावर बघू.
मृण्मयी, नीउ-व्हेनेप