ऐनवेळेची रंगीत तालीम

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? भावजयबाईंचा खोकला गेला का? पोरं आता माझ्याहून उंच झाली असतील, (नसली तर तसं कळव, म्हणजे मी पाठवायच्या स्वेटरचं माप बदलीन). मी ठणठणीत आहे. रक्तदाब तेवढा माझं ऐकत नाही, पण घरात माझं न ऐकणारं तेवढं एकच कोणी उरलंय, म्हणून मी त्याला फार बोलत नाही.

मागच्या खेपेला दारात चपला घालता घालता तू म्हणालास, "ताई, सगळे कागद एकदा नीट लावून ठेव, ऐनवेळी धावपळ नको." ऐनवेळ कोणाची, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. उभा जन्म कारखान्याच्या दफ्तरात फायली लावण्यात गेलेल्या बाईला हे शिकवायचं म्हणजे कमाल झाली! माझा पारा चढला. तू गेल्यावर कपाट उघडलं आणि चढलेला पारा गुपचूप खाली आला. घराचं खरेदीखत गादीखाली (आईची शिकवण), विम्याचे कागद शिलाई मशीनच्या खणात, माझा जन्मदाखला जुन्या स्वेटरच्या खिशात, आणि प्लास्टिकच्या पिशवीत अगदी जिवापाड जपलेलं हमीपत्र कशाचं, तर कधीच भंगारात गेलेल्या मिक्सरचं. सोबत तुझं पाचवीचं प्रगतिपुस्तक. इतिहासाचे गुण मी कोणाला सांगणार नाही.

आठवडाभर खपले. लाल फाइल घराची, हिरवी बँकेची, पिवळी विम्याची, निळी औषधांची. लाल फाइलीच्या पहिल्या पानावर कुठे काय ते सगळं लिहिलं. पण आमच्या दफ्तरात एक नियम होता. जिने फाइल लावली तिला ती सापडली, याला काही अर्थ नाही. परक्या माणसाला सापडली पाहिजे. म्हणून मी तालीम ठेवली. वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई आणि समोरच्या दुकानातला शिंपी, दोघांना बोलावलं, खुर्चीत ताठ बसले आणि जाहीर केलं, "समजा, मी गेले. आता विम्याचे कागद काढा."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "असं अभद्र बोलू नका हो ताई!" मी म्हटलं, मी बोलतच नाहीये, मी गेलेय. शिंपी व्यवहारी. त्याने विचारलं, "सकाळी गेलात की दुपारी?" (दुकान किती वेळ बंद ठेवावं लागेल याचा अंदाज घेत होता.) मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, कपाटाची किल्ली?" मी म्हटलं, "बटणांच्या डब्यात." झालं! मेलेल्या बाईने उत्तर दिलं म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू. दुसऱ्या वेळी बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, चहात साखर किती, आणि मी पुन्हा जिवंत झाले. मग मात्र तोंडाला पदर लावून बसले. पिवळी फाइल सापडली, तिच्यात विम्याचे कागदही सापडले, पण पाठोपाठ तुझं प्रगतिपुस्तक हाती लागलं आणि तालमीचा बट्ट्याबोळ झाला. शिंप्याने इतिहासाचे गुण मोठ्याने वाचले. (मी सांगणार नव्हते, त्याने वाचले.) आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मयत माणूस हसतंय म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

तीन कप लागले रे. दोन फडताळात होते, तिसरा माळ्यावरून काढावा लागला. तो कुठे आहे हे मी कुठल्याच फाइलीत लिहिलं नव्हतं. ती दोघं गेली, मी कप धुतले, पण तिसरा परत माळ्यावर टाकवेना. ओट्यावरच पालथा घालून ठेवला. त्या संध्याकाळी घर अगदी खायला उठलं. एरवी मला सवय आहे, पण हसून झाल्यावरची शांतता फार वाईट असते. मी रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला.

असो. तू कागदांची काळजी करू नकोस. सगळं जागच्या जागी आहे. स्वेटरचं माप कळव.

तुझी
ताई

ता. क. सगळं जागच्या जागी नाही. विम्याचे कागद मी पुन्हा शिलाई मशीनच्या खणात टाकलेत. येत्या रविवारी दुसरी तालीम ठेवलीय, तेव्हा त्या दोघांना शोधायला काहीतरी नको का?

आणखी एक ता. क. पहिल्या पानावर अगदी वर एक ओळ आहे, 'सगळ्यात आधी कोणाला कळवायचं.' तिथे तुझा नंबर आहे. दफ्तराच्या नियमाप्रमाणे तो बरोबर आहे का, म्हणून लावून पाहिला. परवा लावला, काल लावला, आज सकाळीही लावला. नंबर बरोबर आहे, घंटी वाजते. उचलत नाहीस एवढंच. शिंपी म्हणाला, "ताई, माझा टाका, मी दिवसभर दुकानातच असतो." त्याचा मी खाली पेन्सिलीने लिहून ठेवलाय. तुझा अजून शाईत आहे. एकदा फोन कर. काम काही नाही. मी दोनदा घंटी वाजू देईन, म्हणजे कामात होते असं वाटेल, आणि मग उचलीन.