डावीकडचा उतार

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून पाकिटात ठेवलं आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढलं. विणकामाच्या मशीनचा कॅम तुटला, मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, सुटा भाग कुठे मिळत नाही, आणि तुझ्या चिरंजीवांचं म्हणणं असं की मार्चअखेर मशीन विकून, खोली सोडून तू त्यांच्याकडे राहायला जावंस. गिऱ्हाईकसुद्धा त्यांनीच शोधलंय. एवढं सगळं तू चार ओळींत उरकलंस, आणि पुढचं दीड पान माझ्या सर्दीची चौकशी. तू अशी शहाण्यासारखी वागायला लागलीस की मला धास्ती वाटते.

तुला जायचं असेल तर मी मध्ये पडणार नाही. पण अख्ख्या पत्रात ‘मला जायचंय’ असं कुठेही नाही. ‘जावं लागेल’ मात्र तीनदा आहे. मी मोजलं.

मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण लायब्ररीत काम करणाऱ्या बाईला शोधता तरी येतं. शोधता शोधता एक साइट सापडली. कॉम्प्युटरवर एखाद्या वस्तूचा मापासकट आराखडा काढायचा, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असा, याला कॅड म्हणतात. तो शिकू पाहणाऱ्या हौशी लोकांची ही साइट आहे. धडे क्रमाने लावलेत, फुकट आहेत, आणि शंका विचारायला एक कट्टा आहे. आराखडा नीट झाला की थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानात तो भाग छापून मिळतो. कट्ट्याचा नियम एकच, पण कडक आहे: कुणी कुणाला तयार आराखडा द्यायचा नाही. आपला आपण काढायचा, अडलं तर विचारायचं.

मी पहिला धडा केला. एक ठोकळा, त्यात एक भोक. भोक ठोकळ्याच्या बाहेर पडलं. पण मी हे शिकणार आहे. तुटलेले तुकडे मला पाठव, बारीक कपचासुद्धा टाकू नकोस. गिऱ्हाइकाला मार्चअखेरपर्यंत काही बोलू नकोस, एवढंच मागणं.

लोभ आहेच, या वेळी त्यात थोडा धीरही मिसळ.

तुझी,
मोजपट्टी

१० फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

खोडरबर अर्धा करायचा तरी पट्टी आणणारी मुलगी तू. तुझं भोक ठोकळ्याबाहेर पडलं हे वाचून मी एकटीच इतकी हसले, की समोरचा शिंपी डोकावून गेला.

तुकडे मोज्यात गुंडाळून पाठवतेय. मोजा स्वच्छ आहे, शंका नको. काय कुठे बसतं ते सांगते. मशीनवर सुया एका ओळीत असतात. त्यांच्यावरून कॅरेज, म्हणजे मुठीची सरकती पेटी, उजवीकडून डावीकडे आणि परत सरकवायचं. कॅरेजच्या पोटात हा कॅम. त्याला डावा आणि उजवा असे दोन उतार आहेत. त्यांच्यावरून सुया चढतात, उतरतात, आणि टाका पडतो. कॅम नाही तर मशीन म्हणजे नुसतं लांबलचक टेबल. सध्या त्यावर मी कपडे वाळत घालते.

तुझ्या भाच्यावर रागावू नकोस. तो वाईट बोलत नाही. म्हणाला, आई, आयुष्यभर उभी राहिलीस, आता बस. त्यावर काय उत्तर देणार? मला बसता येत नाही, हे उत्तर होतं का? त्यांच्या घरी माझी खोली तयार आहे, खिडकीत खुर्चीसुद्धा ठेवलीय. त्या खुर्चीचा फोटो त्याने पाठवला तेव्हा मला पहिल्यांदा म्हातारं वाटलं.

गिऱ्हाईक मार्चच्या शेवटच्या रविवारी येणार. तोवर मी गप्प बसते. पण जमलं नाही तर मनाला लावून घ्यायचं नाही, डायरीत पानंच्या पानं भरायची नाहीत. तू भरतेस, मला माहीत आहे.

जेवण वेळेवर कर, आणि आमच्यावर माया ठेव, मोजून नव्हे.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत तुझा कॅम आहे, नायलॉनमध्ये छापलेला. आधी तो लावून बघ आणि मग पुढचं वाच. पण तू तसं करणार नाहीस, म्हणून लिहिते.

कॅडमध्ये एक गंमत आहे. काढलेली रेघ आधी निळी असते. निळी म्हणजे सैल, धक्का लागला तर कुठेही सरकेल. तिची लांबी, तिचा कोन, ती कशाला चिकटलीय, हे सगळं सांगून झालं की ती काळी होते. मग ती हलत नाही. मला हे फार आवडलं. हल्ली काउंटरवर कुणी मोघम बोललं की मनात म्हणते, यांची रेघ अजून निळी आहे.

कट्ट्यावर सगळे टोपणनावाने वावरतात. मी ‘मोजपट्टी’च घेतलं, तेवढाच तुझा सहवास. धडे लिहिणाऱ्या आणि भांडणं सोडवणाऱ्या बाई आहेत, त्यांचं नाव ‘काटकोन’. स्वभावही तसाच. आणखी एक ‘जुना पाना’ म्हणून आहेत, निवृत्त टूलमेकर. ते प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतात. मी तुकडे जोडून, व्हर्नियरने सगळी मापं घेऊन आराखडा टाकला, तर त्यांनी विचारलं, दोन उतार सारखे का नाहीत? डावा उजव्यापेक्षा खोल का? मी लिहिलं, मोजलंय, दोनदा. ते म्हणाले, बरं. त्यांचं ते ‘बरं’ मला दोन दिवस टोचत होतं. पण हातात आलेलं माप मी खोटं कसं पाडू?

तिथे एक रीतही आहे. जमलेली वस्तू दाखवायची तर आधी तिची फसलेली भावंडं दाखवायची. मोडलेली, वाकडी, उलटी छापलेली, जी असतील ती. त्याशिवाय कौतुक नाही. माझा कॅम पहिल्याच खेपेला नीट छापून आला, मग फसलेलं आणू कुठून? काटकोनबाईंनी लिहिलं, एकही फसलेलं नसेल तर थांबा, वस्तू अजून पूर्ण झालेली नाही. हे मला लागलं. मन लावून केलं याची ही शिक्षा?

तू लावून बघ आणि कळव. तुझ्या पत्राची वाट बघण्यात कामाकडे दुर्लक्ष होतंय, तेव्हा लोभाबरोबर तत्परताही असू दे.

तुझी,
मोजपट्टी

३ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, चालला! काय कॅम केलास तू! हुबेहूब. इतका हुबेहूब, की जुन्याची खोडसुद्धा त्यात उतरलीय. डावीकडे जाताना तो जुन्यासारखाच टाका सोडतो, आणि मनगटाने जरा दाबून ओढलं की सरळ येतो. किती वर्षं मी तशीच ओढत आलेय. मला भरूनच आलं. घरातलं माणूस परगावाहून परत यावं, आणि आल्या आल्या त्याने जुनीच कुरकुर सुरू करावी, तसं.

शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर मी हो म्हणून टाकली. तुझ्या त्या काटकोनबाईंना सांग, आमच्या मोजपट्टीला फसायची सवय नाही.

लोभ वाढवायला आता जागा उरली नाही, तरी वाढव.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत हे लिहावं लागतंय. कॅम गेला. चौथ्या बाहीवर डावीकडे ओढताना कट्कन आवाज झाला, डाव्या उताराचे दोन तुकडे. मी नेहमीसारखंच दाबलं होतं, जास्त नाही. तुझी चूक नाही. नायलॉनच तो, किती सोसणार. ऑर्डर परत करते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो माणूस येऊन मशीन घेऊन जाईल, आणि खुर्ची आहेच. तू जिवापाड केलंस, आता पुरे.

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑर्डर परत करू नकोस. केली असशील तर जाऊन पुन्हा घे.

तुझं पत्र मी लायब्ररीतच उभ्याने वाचलं. तुकडे झाल्याचं वाईट वाटलंच, पण खरी हादरले ती त्याच्या आधीच्या ओळींवर. जुन्याची खोड नव्यात उतरली, असं तू कौतुकाने लिहिलंस. ताई, नव्यात खोड कुठून येईल? ती मी घातली. तुझा जुना कॅम वर्षानुवर्षं झिजला होता. डाव्या बाजूने जास्त, कारण तिकडे जाताना तू दाबतेस. ती झीज मी व्हर्नियरने मोजली आणि निष्ठेने आराखड्यात उतरवली. रेघा सगळ्या काळ्या केल्या. पक्की, घट्ट, चुकीची वस्तू. आणि उतार खोल म्हणून तुला दाबावं लागलं, दाबलंस म्हणून तो मोडला.

एक दिवस मी कुणालाच काही लिहिलं नाही. डायरीही उघडली नाही, तुझी आज्ञा म्हणून. मग कट्ट्यावर गेले आणि फोटो टाकला: माझं पहिलं फसलेलं. खाली लिहिलं की मी वस्तूचा नाही, तिच्या झिजेचा आराखडा काढला. मला वाटलं, हसतील. हसलेच. पण मग एकामागून एक लोकांनी आपापली झीज आणून टाकली. एकाने सायकलच्या पेडलची, एकीने आजीच्या शिलाई मशीनच्या पट्ट्याची. जुना पाना म्हणाले, आता विचारतो: उताराच्या टोकांना, सुई जिथे पोचतच नाही, तिथे काय आहे?

तिथे बारीक उंचवटे होते, ताई. दोन्ही उतारांच्या चारही टोकांना. मला वाटलं, तुटताना उचललेली कड असेल, म्हणून मी ते आराखड्यातून स्वच्छ पुसून टाकले होते. खरं तर अख्ख्या तुकड्यात तेवढीच जागा मूळची शिल्लक होती. बाकी सगळं झिजून तिच्या खाली गेलं होतं. मी टोकं सरळ रेघेने जोडली. दोन्ही उतार अगदी सारखे आले. हातात आलेल्या मापापेक्षा वेगळी रेघ ओढताना माझा हात खरंच अडखळला. पण वस्तू कशी आहे हे एक, आणि ती कशी असायला हवी होती हे दुसरं, एवढं मला आता कळलंय.

नवा कॅम सोबत आहे, जास्त जाड आणि भरीव छापलेला. एकच अट: दाबायचं नाही. याला तुझ्या मनगटाची गरज नाही. हात हलका ठेव. जमलं नाही तर चूक माझी की तुझी हे भांडण नंतर करू, पण त्या शेवटच्या रविवारच्या आधी करू.

तुझ्या लोभावर विसंबूनच हा हट्ट चालवलाय.

तुझी,
मोजपट्टी

२८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू काय काय कल्पना केल्या असशील, त्या सगळ्या डायरीत लिहून टाक आणि हे वाच.

नवा कॅम लावला आणि लोकर लावायच्या आधी, पहिल्याच रिकाम्या ओळीला कॅरेज अडकलं. मी तुला, तुझ्या काटकोनाला आणि त्या पान्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा अडकलं, तिसऱ्यांदा अडकलं. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. हात हलका ठेव. मला वाटत होतं मी दाबतच नाहीये. म्हणून समोरच्या शिंप्याला बोलावून म्हटलं, माझ्या मनगटाकडे बघा. त्याने बघितलं आणि म्हणाला, ताई, तुम्ही मशीन ढकलताय की दार उघडताय?

तुझा कॅम सरळ होता गं. वाकडा हात माझा होता. मशीन बिघडलेलं म्हणून हाताने एक युक्ती शिकली, आणि मशीन सुधारलं तरी हात ती सोडेना. मग मी रोज सकाळी कॅरेज दोन बोटांनी धरून रिकाम्या ओळी मारत बसले, त्यासुद्धा चुकत. बसले म्हणजे उभीच.

काल रविवार. तुझा भाचा त्या माणसाला घेऊन आला तेव्हा मी बाही विणत होते. त्या माणसाने मशीनचा आवाज ऐकला आणि दारातूनच म्हणाला, याला तर काहीच झालेलं नाही, आणि आपणहून जास्त किंमत बोलायला लागला. मी म्हटलं, विकायचं नाहीये. तो गेल्यावर तुझा भाचा मशीनजवळ आला. मग म्हणाला, बघू दे मला. कॅरेज धरलं, ढकललं, अडकवलं. अगदी माझाच हात. मी त्याचं मनगट धरून दोन बोटांवर आणलं. एक अख्खी ओळ सरळ गेल्यावर त्याने विचारलं, मग आमच्याकडे कधी येणार? म्हटलं, ऑर्डर संपली की, पाहुणी म्हणून. खुर्ची राहू दे, पाहुणे बसतात.

पाकिटात विणलेली एक पट्टी आहे. रिकाम्या ओळींनंतर, नव्या कॅमवर पहिल्यांदा लोकर लावली ती ही. तुमच्या कट्ट्याची रीत आहे ना, म्हणून फसलेलं आधी पाठवतेय, स्वेटर नंतर. फोटो काढून लाव आणि खाली माझं नाव घाल. खालच्या ओळींत डावीकडे सुटलेल्या टाक्यांची शिडी आहे, वर जाईल तशी ती अरुंद होत जाते. शेवटच्या चार ओळींत एकही टाका सुटलेला नाही. लोकांना सांग, पट्टी खालून वर वाचायची असते.

माया आहे तशीच ठेव, फक्त हात हलका असू दे.

तुझी,
ताई