तुटणार नाही अशी वायर

४ जानेवारी
निश्चय केला. इंटरनेटची मांडणी मुळातच चुकली आहे. सगळं एका सेंटरवर लोंबकळतंय. गटार खोदताना कंपनीची केबल तुटली आणि अख्खं गाव बंद. मोबाईलला तर इथे रेंजच नाही. आमच्या संयोगिताचा सराव इंटरव्ह्यू अर्ध्यावर मेला. पुण्याच्या कंपनीचा खरा इंटरव्ह्यू तेवीसला, सकाळी अकराला. पोरीनं वर्षभर त्यासाठी रक्त आटवलंय. केबलवाल्याला जाब विचारला. तो म्हणाला, उद्या बघू. कानाखाली वाजवली. त्याने हेल्मेट घातलं होतं. डाव्या हाताने लिहितोय.

६ जानेवारी
तालमीत गल्लीची मीटिंग. भविष्यातलं इंटरनेट समजावलं. सेंटर नाही. प्रत्येक छपरावर एक डबा, या घरातून नेट पुढच्या घरात, शेवटी वर्तुळ पूर्ण. कुठेही तुटलं तरी नेट दुसऱ्या बाजूने फिरून येणार. गणपतरावांनी विचारलं, पण मूळ लाइन कुठनं येणार? म्हटलं, दूध संस्थेतून. ते म्हणाले, मग त्येच सेंटर झालं की. त्यांना खाली बसवलं.

मग आकारामची शंका, माझं नेट कुणाच्या घरातनं येणार? गणपतरावांच्या. दोघांचं बांधावरून वाकडं आहे. आकाराम म्हणाला, गणपत्या मधल्यामधी साय काढून घेणार आन् मला पाणचट नेट सोडणार. गणपतरावांनी खुर्ची भिरकावली. आकाराम वाकला. मागे मी होतो. ओठ फाटला. एकूण प्रतिसाद उत्साहवर्धक.

९ जानेवारी
कोल्हापुरातून डबे आणि वायर आणली. घरातूनच विरोध. बायकोचं, वर्षाराणीचं म्हणणं, पोरीचा इंटरव्ह्यू हुईपर्यंत जुनं कनेक्शन राहू दे. क्रांती अशी होत नसते. जुना राऊटर पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. वर्षाराणीने तुकडे वेचायला लावले. पाटा धुवायला लावला.

१२ जानेवारी
गणपतरावांच्या छपरावर डबा बसवला. दुपारी आकारामने पहारीने ठेचला. गणपतरावांनी आकारामचा कान चावला. मी सोडवायला गेलो, दुधाची किटली गुडघ्यावर बसली. तोडगा मीच काढला. नव्या डब्यावर पेटी, पेटीला कुलूप, किल्ली आकारामकडे. साय सुरक्षित. पुण्यामुंबईच्या इंजिनिअरांना हे सुचलं नसतं.

१५ जानेवारी
एकच जोड राहिला. आमचं घर आणि शेजारचा बाळासो. माझा चुलतभाऊ. त्याच्या बापाने मधली भिंत आमच्या हद्दीत हातभर सरकवून बांधली, तेव्हापासून बोलणं नाही. वर्षाराणी म्हणाली, भितीवरनं वायर टाका, पाच मिंटांचं काम हाय. म्हटलं, त्याच्या घरातून वायर नेण्यापेक्षा हात तोडून देईन. तिने विळा पुढे केला. थट्टा असावी. नजर तशी वाटली नाही.

१८ जानेवारी
बाळासोला वगळलं. आमच्या गच्चीवरून वायर थेट रस्त्यापलीकडे, तानाबाईंच्या पत्र्यावर. तानाबाई काळजीत. पुढं कारखान्याचा रस्ता, ऊस जातोय, वायर तुटंल. मी काय खुळा आहे? समोरच ट्रॉली रिकामी उभी होती, ती खालून नेऊन बघितली. हातभर मोकळी जागा. शिवाय वायरीच्या जोडीला पोलादी दोर गुंडाळला. सगळ्या घरांतून, सगळ्या डब्यांना आवळून. आता तुटून दाखव म्हणावं.

२० जानेवारी
चाचणी. आकारामच्या दारातली वायर मीच कुऱ्हाडीने तोडली. दोरासकट. नेट चालूच! संयोगिता पहिल्यांदा हसली. मला पप्पा, भारी, म्हणाली. मी नीट बघण्याआधीच, दारातली वायर तोडली म्हणून आकारामने मला गोठ्यात लोळवलं. खाली शेण होतं. शेणातूनही समाधान वाटलं. नंतर जोड पुन्हा घट्ट मारला.

२२ जानेवारी
एकदाची आमच्या उसाला तोड आली. तोडकऱ्यांची टोळी आळशी. ट्रॉली निम्मी भरून निघाले होते. ड्रायव्हरची कॉलर धरली. गच्च भर, उंच भर, फेऱ्या वाचव. उद्या सकाळी निघतो म्हणाला. धाक हवाच.

२३ जानेवारी
दहा वाजता संयोगिता लॅपटॉपसमोर. नेट फर्स्ट क्लास.
पावणेअकराला आमचा ऊस रस्त्यावर आला.
वायर तुटली नाही. हे नोंदवून ठेवतो. तानाबाईंचे पत्रे गेले. गणपतरावांची पाण्याची टाकी गेली. आकारामच्या गोठ्याचं छप्पर म्हशीवर आलं. माझा गच्चीचा कठडा ट्रॉलीमागे कोपऱ्यापर्यंत गेला. वायर शाबूत.
गल्ली बाहेर आली. पहिली काठी तानाबाईंची.

२६ जानेवारी, कोल्हापूर, दवाखाना
डोक्याला टाके. दोन बरगड्या. शांतपणे विचार केला. मारहाणीला सेंटर नव्हतं. एक दमला की दुसरा पुढे. आकाराम आणि गणपतराव तर एकाच काठीने, आळीपाळीने. इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदा बोलले. माझी मांडणी सिद्ध झाली.

संयोगिता? वर्षाराणीने सांगितलं. मी मार खात होतो तेव्हा पोरगी लॅपटॉप घेऊन भिंतीवरून पलीकडे उतरली. बाळासोकडे साधं कंपनीचं कनेक्शन आहे. इंटरव्ह्यू त्याच्या पुढच्या सोप्यात झाला. आवाज नको म्हणून बाळासो कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला. निवड झाली.
ऐकून बरगड्या जास्त दुखल्या. रडलो. औषधामुळे असेल.

१७ फेब्रुवारी
संयोगिता पुण्यात. आम्हाला कुणी कनेक्शन देत नाही. केबलवाला आला होता, हेल्मेट न काढताच परत गेला. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल बाळासोकडे येतो. वर्षाराणी जाते. मी जात नाही, तत्त्व आहे. भिंतीशी स्टुलावर उभा राहतो, ते बरगड्यांच्या व्यायामासाठी.

आज तिने विचारलेलं ऐकू आलं, पप्पा कुठं हायत? बाळासो म्हणाला, हितंच की, भितीपल्याड. आणि फोन माझ्याकडे वळवला. पोरगी हात हलवत होती. माझ्या डोक्याला पट्टी, तोंडावर दाढी. पटकन खाली वाकलो.

निश्चय : उद्यापासून दाढी करून उभं राहणे.